धागा: फेड इन करताना मूव्हिंग हेड फडफडतात, केबल बदलून झाली, आता काय करू?

विंगेतला_उंदीर · सोमवार, रात्री ११:५२

नमस्कार मंडळी, पहिल्यांदाच धागा काढून राहिलो, काही चुकलं तं सांभाळून घ्या. आमचा हौशी ग्रुप आहे, राज्य नाट्य स्पर्धेचं नाटक बसवून राहिलो, आणि नेहमीचा लाइटवाला लग्नाच्या सीझनमध्ये अडकल्यामुळे लाइट माझ्या गळ्यात आले. मी मूळचा विंगेत प्रॉपर्टी सांभाळणारा माणूस. यूट्यूब पाहून पाहून क्यूएलसी प्लस (लाइट चालवायचं सॉफ्टवेअर) शिकलो, चौथं व्हर्जन, जुन्या लॅपटॉपवर चालू आहे.

सामान असं: ८ एलईडी पार (जागेवरच राहणारे रंगीत लाइट, ८ चॅनल मोड म्हणजे प्रत्येकाला ० ते २५५ मधले आठ आकडे, ॲड्रेस १ पासून ६४ पर्यंत), ४ मूव्हिंग हेड (मोटरनं फिरणारे लाइट, एलईडी स्पॉट, १६ चॅनल मोड, ॲड्रेस १०१ पासून), आणि ६ चॅनलचा डिमर पॅक (साध्या दिव्यांचा उजेड कमी-जास्त करणारा डबा) २०१ वर, त्याच्यावर हॅलोजन. सगळं भाड्याचं. हेडवर कंपनीचं नावच नाही, मॅन्युअल म्हणून दोन झेरॉक्स दिले.

प्रॉब्लेम: अंधारातून पहाट होते असा सीन आहे, फेड इन ८ सेकंद. पार मस्त हळूहळू येतात, हॅलोजन पण. पण चारही हेड येतानाच फडफडतात, म्हणजे खराब ट्यूबलाइट चालू होताना करते ना तसं, आणि आठ सेकंद झाले की एकदम शहाण्यासारखे सरळ उभे. दिग्दर्शक ताई म्हणतात पहाट आहे की डिस्को. परवा तालीम आहे. केबल बदलून पाहिली, काही फरक नाही. कोणीतरी वाचवा.

महालचा_ऑपरेटर · सोमवार, रात्री ११:५९

डोंगल कोणतं, म्हणजे लॅपटॉपचा सिग्नल लाइटच्या लाइनवर टाकणारं? ते निळ्या वायरीचं स्वस्तातलं असन तं तिथंच घोळ आहे. त्या डोंगलमध्ये स्वतःचं डोकं नसते, टायमिंग सगळं लॅपटॉपच बनवतो, लॅपटॉप जुना असला, मागे अँटीव्हायरस चालू असला की सिग्नल लटपटते आणि लाइट फडफडते. माझ्याकडे गणपतीत हेच झालतं. प्रोसेसर असलेलं डोंगल घे, सुटशील.

तर्री_जास्त · मंगळवार, रात्री १२:०६

भाऊ माइकची केबल लावली असशील डीएमएक्स (लाइटच्या सिग्नलची लाइन) म्हणून. कबूल कर, इथं कोणी मारणार नाही 😄

विंगेतला_उंदीर · मंगळवार, रात्री १२:१५

@तर्री_जास्त हो लावलती, भाड्यावाल्यानंच दिली होती. पण आज बर्डीच्या मार्केटमधून डीएमएक्सची केबल आणून बदलली, तरी तेच. @महालचा_ऑपरेटर डोंगल स्वस्तातलंच आहे, पण मग पार काहून नाही फडफडत? एकाच लाइनवर आहेत, हेडच्या आधी.

अर्थिंग_बघा_आधी · मंगळवार, सकाळी ७:३०

टर्मिनेटर लावला का? शेवटच्या हेडच्या आउटला, दोन आणि तीन नंबर पिनच्या मध्ये १२० ओमचा रेझिस्टर. पाच-दहा रुपयांचं काम आहे आणि अर्ध्या नागपूरचे लाइटवाले लावत नाहीत. लाइनच्या टोकावरून सिग्नल परत फिरतो आणि शेवटच्या फिक्स्चरांना, म्हणजे लाइटना, त्रास होतो, हेड शेवटी आहेत म्हणून तेच फडफडत असतील.

एक्सएलआर_ताई · मंगळवार, सकाळी ८:१०

टर्मिनेटर लावायचाच, ते बरोबर. पण मला नाही वाटत इथे केबल किंवा डोंगल आहे. उंदीरभाऊ, तीन प्रश्नांची उत्तरं द्या, नीट बघून द्या, अंदाजाने नको.

सीन पूर्ण आल्यावर दहा मिनिटं तसाच ठेवला तर एकदा तरी फडफडतो का?

अंधार न करता, एका उजेडाच्या सीनवरून सरळ दुसऱ्या उजेडाच्या सीनवर ८ सेकंदांत गेलात तर फडफडतो का?

आणि फडफड सुरू झाल्यावर साधारण तीन-सव्वातीन सेकंदांनी, पापणी लवेपर्यंत का होईना, लाइट एकदा स्थिर होतो का?

विंगेतला_उंदीर · मंगळवार, दुपारी १:४०

ताई जेवणाच्या सुट्टीत खास हॉलवर जाऊन पाहून आलो, मोबाइलवर व्हिडिओ काढून.

१) नाही, एकदाही नाही. २) नाही!! हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं, अंधारातून आला तरच होते. ३) हो. आधी हळू फडफड, मग वेग वाढत वाढत जातो, मग एक क्षण सरळ, मग वेगळ्याच तऱ्हेनं श्वास घेतल्यासारखं, मग परत एक क्षण सरळ, मग कसंही. तुम्हाला इकडं बसून कसं कळलं?

एक्सएलआर_ताई · मंगळवार, दुपारी २:०५

कारण तुमच्या झेरॉक्सवर शटरच्या (उजेड अडवणाऱ्या-सोडणाऱ्या) चॅनलसमोर काय छापलं असेल ते मला साधारण माहीत आहे. बरेच बिननावाचे हेड एकाच छापाचा तक्ता वापरतात. सातवा चॅनल असेल बहुतेक, तो बघा आणि इथे लिहा. आणि तुमच्या अंधार सीनमध्ये त्या चॅनलची व्हॅल्यू किती आणि पहाटेच्या सीनमध्ये किती, तेही.

विंगेतला_उंदीर · मंगळवार, दुपारी २:२०

सातवाच आहे. असं लिहिलंय: ०–३ बंद, ४–१०३ स्ट्रोब (लुकलुक) हळू ते जलद, १०४–१०७ उघडं, १०८–२०७ पल्स, २०८–२१२ उघडं, २१३–२५१ रँडम स्ट्रोब, २५२–२५५ उघडं.

अंधार सीनमध्ये मी सगळेच चॅनल टिक करून शून्य केलेत, म्हणजे शटर ०, त्याचा फेड ० सेकंद, खटकन अंधार. पहाटेत शटर २५५, कारण उघडं पाहिजे.

अरे बाप रे. आता समजलं वाटते.

एक्सएलआर_ताई · मंगळवार, दुपारी २:४१

हो, तेच. तुम्ही सॉफ्टवेअरला सांगितलं की ८ सेकंदांत पहाट कर. तुमच्या मनात फक्त उजेड होता, पण सॉफ्टवेअरला उजेड वगैरे काही कळत नाही, त्याच्यासाठी सगळे आकडे सारखे. डिमर ० वरून वर चढला तसा शटरही ० वरून २५५ पर्यंत चढला, सेकंदाला साधारण ३२ आकडे. वाटेत पहिली तीन सेकंद स्ट्रोबच्या पट्ट्यात गेली, १०४ ते १०७ मध्ये क्षणभर उघडं, म्हणजे बरोबर सव्वातीन सेकंदांच्या आसपास, मग पल्स, साडेसहाला परत एक क्षण उघडं, शेवटी रँडम. तुमचे हेड बिचारे जे सांगितलं तेच इमानदारीत करत होते.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तरही यातच आहे. उजेडाच्या दोन्ही सीनमध्ये शटर २५५ असेल तर त्याला प्रवासच नाही, मग फडफड कुठून येणार. आणि पार का नाही फडफडत, तर तुमच्या पारमध्ये स्ट्रोब ० म्हणजेच उघडं असतं, दोन्ही सीनमध्ये ० च राहतो.

आता उपाय. क्यूएलसी प्लसमध्ये फिक्स्चरच्या टॅबवर वरच्या पट्टीत चॅनल प्रॉपर्टीजचं बटण आहे. उघडलं की युनिव्हर्सखाली (युनिव्हर्स म्हणजे डीएमएक्सची एक लाइन) फिक्स्चर, फिक्स्चरखाली एकेक चॅनल असं झाड दिसेल, आणि प्रत्येकासमोर तीन गोष्टी: कॅन फेड, बिहेवियर, मॉडिफायर. शटरसमोरची कॅन फेडची टिक काढा. खाली एक चौकट आहे, एकाच प्रकारच्या सगळ्या फिक्स्चरला बदल लावा अशा अर्थाची, ती टिक केली की चारही हेडला एका फटक्यात लागेल. त्यानंतर सीन सुरू झाला की शटर एका उडीत २५५ वर जाईल आणि वर चढेल फक्त डिमर.

शटरबरोबर कलर व्हील, गोबो (नक्षीची चकती), प्रिझम, स्पीड, आणि शेवटचा कंट्रोल चॅनल, या सगळ्यांची टिक काढा. चाकं असतात ती, हळू फेडमध्ये लालवरून निळ्यावर जाताना मधले सगळे रंग दाखवत जातात, अर्धा हिरवा अर्धा पिवळा असं काहीतरी प्रेक्षकांच्या तोंडावर येतं. फेड ठेवायचा तो डिमर, पॅन (आडवं फिरणं), टिल्ट (वर-खाली होणं) यांना. पारचे लाल-हिरवा-निळा-पांढरा पण ठेवा.

झाडीचा_लाइटमन · मंगळवार, संध्याकाळी ५:१२

ताईनं लाखातली गोष्ट सांगतली, आणि कंट्रोल चॅनलवर मी अजून एक जोडतो, कारण मले त्याचा फटका बसला आहे. मी वडश्याकडे झाडीपट्टीत लाइट करतो, दिवाळीनंतर सीझन सुरू झाला की होळीपर्यंत रात्र रात्र नाटक, दिवसा झोप. तं एका गावात मंडईचं (जत्रेचं) नाटक, तिसरा अंक, बाप मरून राहिला, पोरगी छाती पिटून रडून राहिली, पब्लिक पण रडून राहिलं, आणि मी २० सेकंदाचा फेड टाकला की हळूहळू निळं व्हावं. मध्येच एक हेड मान टाकून सरळ उठलं, गर्रकन पब्लिकवर फिरलं, वर गेलं, खाली आलं, सगळे रंग दाखवले आणि मग गप उभं राहिलं. मेलेला बाप पण डोळा उघडून पाहून राहिलता.

नंतर समजलं काय झालतं ते. कंट्रोल चॅनलवर लॅम्प ऑनसाठी २५५ ठेवलतं आणि आधीच्या सीनमध्ये ०. वीस सेकंदात २५५ आकडे म्हणजे सेकंदाले बारा-तेरा. रिसेटची रेंज पन्नासेक आकड्यांची होती, म्हणजे चार सेकंद व्हॅल्यू त्याच्यातच. हेडले वाटलं मालकानं मुद्दाम रिसेट सांगतला. बऱ्याच हेडमध्ये तीन-चार सेकंद त्या रेंजमध्ये थांबलं की रिसेट लागते, चुकून धक्का लागून लागू नये म्हणून तशी सोय आहे, पण हळू फेडनं ती सोय बरोबर गाठली ना. पाच सेकंदाचा फेड असता तं काहीच झालं नसतं, म्हणून तालमीत समजलंच नाही.

तवापासून कंट्रोल चॅनल मी सीनमध्ये घेतच नाही. लॅम्प ऑनचा वेगळा सीन, नाटक सुरू व्हायच्या आधी एकदा, बस.

तर्री_जास्त · मंगळवार, संध्याकाळी ५:२०

मेलेला बाप डोळा उघडून 😂😂 काका हे नाटकातच ठेवायचं होतं

एक्सएलआर_ताई · मंगळवार, संध्याकाळी ६:०२

लाइटमनभाऊ म्हणतात तेच खरं औषध आहे, कॅन फेडची टिक काढणं ही मलमपट्टी. उंदीरभाऊ, अंधार सीनमधून डिमर सोडून बाकी सगळ्या चॅनलच्या टिका काढा. अंधारासाठी हेडचा डिमर, पारचा मास्टर डिमर आणि डिमर पॅकचे सहा एवढे शून्य केले की पुरे. शटर, रंग, पॅन, टिल्ट यांना अंधारात शून्यावर पाठवायचं काही कारण नाही. उलट पॅन-टिल्ट शून्यावर गेले की प्रत्येक अंधारात हेड कोपऱ्यात तोंड करून उभे राहतात आणि परत यायला वेळ घेतात, त्याचा मोटरचा आवाज पहिल्या तीन रांगांना ऐकू येतो.

एक लक्षात ठेवा, हे कॅन फेड वगैरे सगळं त्या प्रोजेक्टच्या फाइलमध्ये सेव्ह होतं, फिक्स्चरच्या डेफिनेशनमध्ये (त्याच्या चॅनलच्या तक्त्यात) नाही. उद्या नवीन नाटकाला नवी फाइल उघडून तेच हेड घेतले की पुन्हा पहिल्यापासून टिका काढाव्या लागतील.

विंगेतला_उंदीर · मंगळवार, रात्री १०:३३

ताई, लाइटमनभाऊ, पाया पडतो. फडफड गेली!! लोण्यासारखी पहाट आली, दिग्दर्शक ताई दोन मिनिटं काही बोलल्याच नाही, हे आमच्याकडे कौतुक असते.

पण आता नवीन लफडं. डाव्या बाजूचं मागचं हेड उलटं लटकवलं आहे, बाकी तीन खाली ठोकळ्यावर उभे. त्याचा टिल्ट उलटा चालते, सगळे वर पाहतात तं हे खाली. तिथंच मॉडिफायरमध्ये इन्व्हर्टेड दिसलं, लावलं, आणि ते चारहीला लागलं 😭 ज्याचा सरळ करायचा होता तो सरळ झाला आणि बाकीचे तीन उलटे, म्हणजे परत तेच पण आरशात.

एक्सएलआर_ताई · मंगळवार, रात्री १०:४०

ती खालची चौकट टिक राहिली ना 🙂 एकाच प्रकारच्या सगळ्यांना लावा वाली. ती काढा, बाकी तिघांचा मॉडिफायर काढून टाका, फक्त त्या एकाला ठेवा.

आणि टिल्टला इन्व्हर्टेड लावलंत तर टिल्ट फाइनलाही लावा, हे फार जण विसरतात. टिल्ट दोन चॅनलमध्ये असतो, मोठा आणि फाइन. मोठ्याची एक पायरी पडण्याआधी फाइन ० ते २५५ पूर्ण चालतो. मोठा उलटा आणि फाइन सरळ असं झालं की प्रत्येक पायरीत फाइन मागे ओढतो आणि मग एकदम पुढे उडी. जलद हालचालीत कळत नाही, पण हळू फिरवलं की बैलगाडी खडकावरून चालल्यासारखा बीम दिसतो.

महालचा_ऑपरेटर · मंगळवार, रात्री १०:५५

हेडच्या स्वतःच्या मेनूत पण टिल्ट रिव्हर्स असते ना, तिथंच करावं, सॉफ्टवेअरमध्ये कशाला.

एक्सएलआर_ताई · मंगळवार, रात्री ११:०३

चालतं की. पण दोन्हीकडे करू नका, उलट्याचं उलटं सरळ होतं आणि मग रात्री दोन वाजता डोकं धरून बसावं लागतं. आणि भाड्याचं सामान असेल तर मी सॉफ्टवेअरमध्येच करते, कारण सकाळी त्या नंबरच्या हेडऐवजी दुसरंच हेड येतं आणि त्याच्या मेनूत कोणी काय करून ठेवलंय देव जाणे.

डिमर_काका · बुधवार, सकाळी ६:१५

काल झोप लवकर लागली म्हणून आज लिहितो. सगळ्यांनी छान सांगितलं. एक मुद्दा राहिला तो तालमीच्या आत तपासून घ्या, झेरॉक्सवर विश्वास ठेवू नका. बिननावाच्या हेडच्या कागदावर चौथा चॅनल टिल्ट फाइन लिहिलेला असतो आणि प्रत्यक्षात तो स्पीड निघतो, असं माझ्या हातून दोनदा झालंय. सॉफ्टवेअरमधला सिंपल डेस्क उघडायचा, हेडच्या पत्त्यापासून एकेक फेडर वर करायचा, काय हललं ते कागदावर पेन्सिलीने लिहायचं. डिमर आणि शटर आधी उघडून ठेवा, नाहीतर अंधारातच रंग शोधत बसाल. अर्धा तास जातो, पण मग डेफिनेशन एडिटरमध्ये तुमचा स्वतःचा खरा तक्ता तयार होतो.

चौथा चॅनल खरंच फाइन आहे का ते असं बघा: बीम भिंतीवर मारा, चौथा ० वरून २५५ ला न्या. फाइन असेल तर बीम थोडासाच सरकेल. पॅनचं पण तसंच, त्याचा फाइन दुसरा. हेड ५४० अंश फिरतं असं धरलं तर नुसत्या मोठ्या चॅनलची एक पायरी दोन अंशांहून थोडी जास्त पडते, आठ मीटरवर जवळपास एक फूट. म्हणून नटाच्या तोंडावर बीम बसवायचा तर फाइन लागतोच, नाहीतर एकदा कानावर एकदा छातीवर.

आमच्या वेळी हे काहीच नव्हतं. एका डिमरला एक वायर, टेबलापासून रॅकपर्यंत दोरखंडाएवढा जुडगा. डीएमएक्स ५१२ अमेरिकेत १९८६ ला ठरलं, आमच्या हातात यायला पुढची किती वर्षं गेली. तेव्हा फेडर म्हणजे फक्त उजेड. फेडर वर केला की दिवा लागायचा, त्याने नाच करायचा प्रश्नच नव्हता. त्यामुळे तुमची ही फडफड आमच्या पिढीला पटकन ओळखूही येत नाही, ते ताईंनी बरोबर पकडलं.

विंगेतला_उंदीर · बुधवार, दुपारी १२:५०

काका सकाळी ऑफिसच्या आधी जाऊन केलं. चौथा खरंच फाइन आहे, पण नववा आणि दहावा कागदावर उलटसुलट निघाले, गोबो आणि गोबो फिरवणं. बरं झालं पाहिलं.

अजून दोन शंका आहेत, मग गप बसतो. एक, पारवर लाल सीनचं बटण आणि निळ्या सीनचं बटण ठेवलं, निळा चालू असताना लाल दाबला की जांभळं होते. लाल पाहिजे तं लालच व्हायला पाहिजे ना? तिथं बिहेवियरमध्ये एचटीपी आणि एलटीपी दिसते, सगळं एलटीपी करून टाकू का?

दोन, दिग्दर्शक ताई म्हणतात पहाट ८ सेकंदांची नको, ६० सेकंदांची कर. केली तं पारचा उजेड सुरुवातीला ठिपक्या ठिपक्यांनी चढते, टप टप टप. मॉडिफायरमध्ये एक्स्पोनेन्शियल वगैरे कर्व्ह आहेत, ते लावले तं जाईल का?

एक्सएलआर_ताई · बुधवार, दुपारी १:३०

एचटीपी म्हणजे दोन सीन एकाच चॅनलवर बोलले तर मोठा आकडा जिंकणार. एलटीपी म्हणजे शेवटी कोण बोललं ते. उजेडाला एचटीपी, बाकी पॅन, रंगाचं चाक, गोबो यांना एलटीपी, असं सॉफ्टवेअर आपणच ठरवतं. तुमच्या पारचे लाल-निळे हे उजेडाचेच चॅनल धरले जातात, म्हणून लाल सीनचा लाल आणि निळ्या सीनचा निळा दोघं जिंकले आणि जांभळं झालं.

एलटीपी करू नका. केलंत तर जांभळं जाईल, पण सीन बंद केल्यावर रंग विझणारच नाही, कारण फेड आउट होऊन शून्यावर परत जाणं हे एचटीपी चॅनलचंच काम, एलटीपी चॅनल शेवटच्या आकड्यावर बसून राहतो. एक दुखणं घालवून दुसरं घ्यायचं. त्यापेक्षा व्हर्च्युअल कन्सोलवर (सॉफ्टवेअरमधल्या बटणांच्या पानावर) ती बटणं सोलो फ्रेममध्ये टाका. एक दाबलं की त्या फ्रेममधलं आधीचं आपोआप बंद होतं. नाटक तर तुम्ही क्यू लिस्टनेच (क्रमाने लावलेल्या सीनच्या यादीनेच) चालवाल, तिथे हा प्रश्न तसाही फारसा येत नाही.

दुसरं काकांसाठी सोडते.

डिमर_काका · बुधवार, दुपारी ३:४५

कर्व्हने पायऱ्या जात नाहीत पोरा, उलट वाढल्यासारख्या दिसतात. तुझ्या पारचा डिमर एकाच चॅनलवर आहे, म्हणजे सगळ्या मिळून २५५ पायऱ्या. ६० सेकंदांत भागल्या तर सेकंदाला चार. वरच्या अंगाला २०० वरून २०१ झालं तर कोणाला कळतंय, पण खाली १ वरून २ म्हणजे उजेड दुप्पट, तो डोळ्याला टप दिसणारच. कर्व्ह काय करतो, तर तुझ्या आतल्या आकड्यांना बाहेर दुसरे आकडे देतो, पण बाहेरचेही २५५ च. एक्स्पोनेन्शियलमध्ये खाली बराच वेळ १ वरच अडकून राहतो, मग २. म्हणजे टप ऐवजी टssप. आठ सेकंदांच्या फेडला तो कर्व्ह छान दिसतो, साठला नाही.

पारच्या मेनूत डिमर स्पीड किंवा स्मूथ अशा नावाचं काही असेल तर ते सगळ्यात हळू कर, काही पार आतल्या आत पायऱ्या बुजवतात. नसेल तर माझा जुना उपाय. तुझ्याकडे सहा हॅलोजन आहेत. पहाट त्यांनी सुरू कर. हॅलोजनची तार तापायला आणि निवायला वेळ घेते, त्यामुळे पायऱ्या ती स्वतःच गिळून टाकते. पहिली वीस सेकंद फक्त हॅलोजन, साधारण तीस टक्क्यांपर्यंत. स्टेजवर तेवढा उजेड झाला की त्याच्या आड पार चोरपावलांनी सुरू कर, त्यांची पहिली टपटप त्या उजेडात विरून जाते. आणि तसंही पहाटेचा पहिला उजेड पिवळसरच बरा दिसतो, निळा एलईडी आधी आला की पहाट न वाटता टीव्ही चालू केल्यासारखं वाटतं.

हॅलोजनला मॉडिफायरमधला प्रीहीट लावून ठेव, पाच टक्क्यांचा. तार थोडी गरम राहते, थंडीच्या दिवसात एकदम करंट बसून दिवे उडत नाहीत. पण त्या पाच टक्क्यांत अंधार सीनमध्ये दिवा लालसर दिसतो का ते हॉलमध्ये पूर्ण काळोख करून बघ. दिसत असेल तर काढून टाक, तुझ्या नाटकाला अंधार महत्त्वाचा आहे.

आणि एक विचारायचं राहिलं, हेडची पॉवर डिमर पॅकवर नाही ना दिली?

विंगेतला_उंदीर · बुधवार, दुपारी ४:०२

नाही काका, हेड आणि पार सरळ बोर्डावर. तेवढं भाड्यावाल्यानं दम देऊन सांगतलं होतं.

झाडीचा_लाइटमन · बुधवार, दुपारी ४:३०

हव. नाई तं हेडची सप्लाय जाते आणि भाडं सोडून हेडचे पैसे भरावे लागतेत. एकानं आमच्याकडे केलतं.

विंगेतला_उंदीर · गुरुवार, रात्री १२:४८

तालीम झाली मंडळी. घरी येऊन सरळ इथंच लिहून राहिलो, पाय अजून दुखून राहिले.

पहाट काकांनी सांगितल्यासारखी केली, हॅलोजन आधी, पार वीस सेकंदांनी, आणि हेड सगळ्यात शेवटी. टपटप अजिबात नाही. प्रीहीट काढावा लागला, अंधारात सहा लाल डोळे दिसत होते, पहिल्या रांगेतल्या एका काकूंनी विचारलं ते काय कॅमेरे आहेत का. टिल्ट फाइनला पण इन्व्हर्टेड लावलं, बैलगाडी थांबली. बटणं सोलो फ्रेममध्ये टाकली. फाइल पेन ड्राइव्हवर, मेलवर आणि दिग्दर्शक ताईंच्या लॅपटॉपवर अशी तीन ठिकाणी ठेवली.

आणि आता ऐका. दुसऱ्या अंकात वादळाचा सीन आहे, तिथं मी साधा निळा केलता. तो झाल्यावर दिग्दर्शक ताई मला बाजूला घेऊन म्हणतात, अरे ती सोमवारी हेडची फडफड होत होती ना, ती इथं पाहिजे, वीज चमकल्यासारखी, ती कुठं घालवलीस.

तर्री_जास्त · गुरुवार, रात्री १२:५१

😂😂😂 बाप्पा

एक्सएलआर_ताई · गुरुवार, सकाळी ७:२०

मग वेगळा सीन बनवा, त्यात फक्त डिमर आणि शटर टिक. डिमर २५५, शटर २१३ ते २५१ मधल्या रँडमच्या पट्ट्यात, २३० च्या आसपास धरून बघा, एकसारखा ताल धरून फडफडली तर वीज वाटत नाही. फेड इन ०. आणि त्याच्या पुढच्या क्यूमध्ये शटर आठवणीने २५५ करा, एलटीपी आहे, आपोआप परत जाणार नाही, नाहीतर वादळ संपल्यावर घरात चहा पिताना पण वीज चमकत राहील.